संगीत आणि मीडिया एकत्र शिकायचंय? आधी स्टुडिओची किल्ली कुणाकडे असते ते विचारा

मिरजेत माझं साउंड-सिस्टीम भाड्यानं देण्याचं दुकान आहे. लग्नं, सभा, गणपती, उरूस आणि वर्षातून काही वेळा खरोखरच्या गाण्याच्या मैफली. कॉलेजांची नॅकची श्रेणी, प्लेसमेंटचे आकडे यातलं मला फारसं कळत नाही. पण एखाद्या खोलीतला माईक रोज वापरला जातो की नुसता मांडून ठेवलाय, हे दारातूनच कळतं. लेकीसाठी बघितलेल्या कॉलेजांचा हा रिव्ह्यू त्याच नजरेनं लिहिलाय. शिक्षणतज्ज्ञाचं मत हवं असेल तर ते इथं मिळणार नाही.

आमची लेक गाते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत बारावीपर्यंत विशारद प्रथमला पोचली. आणि जितकी गाते तितकीच बोलते. आकाशवाणी सांगलीच्या युववाणीत, म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमात, गेली, तिथं माईकसमोर बसायची चटक लागली, मग मोबाईलवर पॉडकास्ट सुरू झालं. आमच्या गल्लीतल्या सतारमेकरांना बोलतं करून, मधेमधे तंबोऱ्याचे नमुने लावून. बारावीनंतर गाणं की मास कॉम (संवादशास्त्र), असं नातेवाइकांनी विचारलं की उत्तर एकच: “दोन्ही.”

म्हणून आम्ही शोधायला निघालो. काही ठिकाणी स्वतः गेलो, काही ठिकाणच्या मुलांशी फोनवर बोललो. बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता सांगणाऱ्या एका केंद्रातही बायकोच्या आग्रहाखातर जाऊन आलो. रंगीत अहवाल मिळाला. मुलीला संगीतात गती आहे, असं त्यात होतं. हे आमच्या शेजारच्या काकूंनी फुकटात सांगितलं असतं, तेही पहाटे पाचला.

सुरुवातीला सगळीकडे एकच वाक्य ऐकू आलं: “आता नवीन शैक्षणिक धोरण आहे, काहीही काहीबरोबर घेता येतं.” हे कागदावर बरोबर आहे. राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडविषय अशी, रचना आली. संवादशास्त्र किंवा मास मीडिया मेजर आणि संगीत मायनर, किंवा त्याच्या उलट, असं जमू शकतं. फक्त त्या कॉलेजात दोन्ही विषय शिकवणारी माणसं हवीत.

पण हिशोब करून बघा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटचा मायनर घेतला, त्यातली दोन प्रात्यक्षिकाची असली, तर सत्रात ६० तास गाणं. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला चार तास. वर्गात १५ मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला गुरूची आठवड्याला १६ मिनिटं आली. माझी मुलगी सकाळी नुसती खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावायला यापेक्षा जास्त वेळ घेते. मायनर वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला गाण्याची गोडी टिकवायची आहे त्याला तो पुरेसा आहे. ज्याला गायचं आहे, त्याचं त्यात भागणार नाही. हा फरक प्रवेश विभागातलं कुणी आपणहून सांगत नाही.

आता एका खासगी संस्थेबद्दल. पुण्याजवळची आहे, नाव लिहीत नाही. ‘म्युझिक अँड मीडिया’ असा सरळ जोडकोर्सच होता, त्यामुळे आम्ही मोठ्या आशेनं गेलो. माहितीपुस्तिकेवर हेडफोन घातलेली मुलगी आणि तिच्यामागे लांबलचक मिक्सर. प्रवेश विभागातल्या मॅडम आदबीनं बोलल्या, कॉफी दिली, ‘इंडस्ट्री-रेडी’ हा शब्द बऱ्याचदा आला. मी म्हटलं, स्टुडिओ बघायचा होता.

स्टुडिओला कुलूप. किल्ली ऑफिसातल्या सरांकडे, आणि सर जेवायला गेलेले. थांबलो. सर आले, दार उघडलं आणि आधी वास आला, नव्या फोमचा आणि बंद खोलीचा. मिक्सरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांवर, धूळ होती, पण त्याचं एवढं नाही, धूळ माझ्या दुकानातही असते. मिक्सरच्या चॅनेलखालच्या पट्टीवर टेपचा एक तुकडाही नव्हता, हे मला खटकलं. रोज काम होणाऱ्या मिक्सरवर पांढरी टेप असते, त्यावर मार्करनं ‘तबला’, ‘पेटी’, ‘व्होकल १’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. टेप काढली तरी तिचा चिकटपणा राहतो आणि त्यावर काळा मळ बसतो. इथं पट्टी कोरी करकरीत. माईकच्या केबली कारखान्यातून आल्या तशाच वेटोळ्यात, त्याच बारीक तारेनं बांधलेल्या. कंडेन्सर माईकच्या जाळीवरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा निघाली नव्हती.

“पहिल्या वर्षाच्या मुलांना इथं कधी यायला मिळतं?” मी विचारलं.

“पाचव्या सत्रात प्रॅक्टिकल आहे ना.”

“आणि मधल्या काळात स्वतःचं काही रेकॉर्ड करायचं असलं तर?”

“अर्ज द्यायचा. विभागप्रमुखांची सही झाली की मिळतो स्लॉट.”

आम्हाला फिरवून दाखवायला दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दिला होता. सर पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, “काका, आम्ही मोबाईलवरच करतो. जिन्याखाली चांगला आवाज येतो.” पोरगं हुशार होतं. जिन्याखाली खरंच बरा आवाज येतो.

संगीताच्या खोलीत दोन तंबोरे होते, दोन्ही आमच्याच गावचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्याची चौकट करून भिंतीवर लावावी असे देखणे नग. मुलीनं तारा छेडल्या आणि माझ्याकडं बघितलं. जवारी पार बसलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घोडीवर तार जिथं टेकते तो पृष्ठभाग वापरानं झिजतो, मग तो कारागिराकडून पुन्हा घासून घ्यावा लागतो, तारेखाली दोरा सारून जुळवावं लागतं, तेव्हा तंबोरा गुंजतो. नाहीतर नुसता टणटण वाजतो. जिथं रोज कुणी रियाज करतं, तिथं बिघडलेली जवारी आठवडाभरही सहन होत नाही, कुणीतरी ओरडतंच. इथं कुणीच ओरडलेलं दिसत नव्हतं. शिक्षक इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर शिकवत होते. त्यालाही माझी हरकत नाही, आम्ही स्वतः ते विकतो.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, “बाबा, इथं कोण गातच नाही वाटतं.” कोर्सची फी लाखांत होती.

याच्या अगदी उलट अनुभव पुण्यातल्याच एका जुन्या अनुदानित कॉलेजात आला. मास कॉमचा विभाग मागच्या इमारतीत, जिन्याला कठडा नाही. रेकॉर्डिंगची खोली न्हाणीघराएवढी, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. (ट्रे लावून बाहेरची रिक्षा थांबत नाही. आतला घुमारा थोडा बदलतो, एवढंच. पण महाराष्ट्रातल्या निम्म्या होतकरू स्टुडिओंची सुरुवात अंडेवाल्याकडूनच होते.) एक मिक्सर, तोही असा जुना की मी पंधरा वर्षांपूर्वी विकून टाकला असता. पण त्यावर टेप होती, टेपवर टेप होती. किल्ली शिपाईमामांकडे. दाराशी खिळ्याला वही टांगलेली, तीत नाव, वेळ, सही. मी पानं उलटली. भरलेली. रविवारच्या तारखासुद्धा. मामा म्हणाले, “पोरं सुट्टीत पण येतात, मग मी पण येतो. काय करणार?”

नुसत्या संवादशास्त्रासाठी असतं तर मी त्या दिवशीच पैसे भरून आलो असतो. पण तिथं संगीत विषय नव्हता. स्नेहसंमेलनाचा ग्रुप होता, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेची तयारी जोरात असायची, पेटीवर बसणारा एक सीनियर होता. एवढंच.

या दोन भेटींनंतर आमचे प्रश्न ठरून गेले. स्टुडिओची किल्ली कुणाकडे असते, आणि संध्याकाळी सहानंतर काय होतं? तंबोरे कोण लावतं? गाण्याचा तास सकाळी आहे की दुपारी जेवणानंतर, जेव्हा कुणाचाच आवाज लागत नाही? मीडियाच्या तासांची हजेरी आणि गुरूकडची तालीम एकाच वेळी आली तर कुणाचं चालतं? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी समोरची माणसं एकमेकांकडं बघायची.

आता नावानिशी.

आम्हाला सगळ्यात जवळ कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात संगीत व नाट्यशास्त्र विभागही आहे आणि पत्रकारितेचाही. गावात देवल क्लब ही जुनी संगीतसंस्था आहे, ऐकणारी माणसं आहेत. दक्षिण महाराष्ट्रातल्या कुणाला खर्च आवाक्यात ठेवून दोन्हीच्या जवळ राहायचं असेल, तर मी आधी तिथं जाऊन या म्हणेन. आमच्याकडं ते मागं पडलं त्याचं कारण शैक्षणिक नव्हतं. लेकीला घरापासून लांब जायचं होतं, आणि कोल्हापूर म्हणजे दर रविवारी आई डबा घेऊन हजर.

गोव्याचा विचार गंभीरपणे केला. पणजीचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक १९८७ पासून आहे, परफॉर्मिंग आर्ट्सची पदवी देतं, आणि गोवा एक्स्प्रेस मिरजेवरूनच जाते. गोव्यात गाणं ऐकायची सवय घराघरांत आहे, देवळातल्या उत्सवाला शास्त्रीय गायक बोलवतात आणि लोक शेवटपर्यंत बसतात. मी तिथं साउंड लावलाय, म्हणून सांगतो. मात्र मीडियाची बाजू पदवीच्या काळात स्वतःच उभी करावी लागेल, असं आमचं मत झालं.

बडोद्याबद्दल आमच्या पिढीला वेगळाच ओढा आहे. महाराज सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा म्हणजे मूळची १८८६ची गायनशाळा, सयाजीरावांनी गायक मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सुरू केलेली. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, विद्यापीठात पत्रकारितेचीही विद्याशाखा आहे, आणि शहरात मराठी बोलून दिवस निघतो. शिवाय आमच्या मिरजेत ज्यांच्या नावानं दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते ते अब्दुल करीम खाँसाहेब एके काळी बडोदा दरबारातच होते. मी एवढं सगळं लेकीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, ते तिथून निघून आले होते ना?” विषय संपला.

मुंबईत मामला वेगळा आहे. झेवियर्ससारख्या कॉलेजात मास मीडियाची पदवी करायची आणि गाणं अभ्यासक्रमाबाहेर, असा तो रस्ता. तिथल्या मुलांचा इंडियन म्युझिक ग्रुप १९७०च्या दशकापासून चालू आहे, जानेवारीत त्यांचा जानफेस्ट होतो, त्यांच्याकडं ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. मैफल ठरवणं, कलाकारांशी बोलणं, तिकिटं विकणं, रेकॉर्डिंग जपणं हे सगळं विद्यार्थी करतात. संवादशास्त्राचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला दिसलं नाही. पण गाणं शिकायला बाहेर गुरू शोधावा लागतो, आणि लोकलमध्ये जाणारे तास वेगळे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभागही चर्चगेटला आहे. अशोक दा. रानडे त्याचे पहिले संचालक. संगीताविषयी कसं बोलावं आणि लिहावं, हे ज्यांच्याकडून शिकावं असे ते होते. ज्यांचं घर मुंबईत आहे त्यांनी हा विभाग नक्की बघावा. आमचं नाही, आणि वसतिगृहाचं गणित बसेना.

लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठात लिबरल शिक्षण आहे, संवादशास्त्र आणि सादरीकरणाच्या कला यांची सांगड घालणं तिथल्या रचनेतच आहे. ऐपत असेल तर जरूर बघा. माझ्या स्पीकरच्या भाड्यात ते बसत नाही, त्यामुळे पुढं लिहीत नाही.

शेवटी लेक गेली ती पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात. नावापुढं कंसात ‘गुरुकुल’ लिहिलेलं असतं. १९८७ मध्ये सुरू झालेला विभाग, संगीत, नृत्य आणि नाटक एकाच छपराखाली. नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ इथं संचालक होते, एवढं सांगितलं की मराठी माणसाला नाटकाच्या बाजूचा अंदाज येतो. प्रवेश चाचणी देऊन मिळतो, मार्कांवर नाही. मास कॉम इथं नाही. मग ‘दोन्ही’चं काय झालं, असं तुम्ही विचाराल.

आमच्या घरात यावर चांगलंच वाजलं. बायकोचं म्हणणं होतं, मीडियाची पदवी घेऊ दे, गाणं काय कुठंही करता येतं. माझं म्हणणं नेमकं उलटं. मास कॉमचं पदव्युत्तर शिक्षण कुठल्याही पदवीनंतर घेता येतं. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाच्या मुख्य आवारात मीडियाचा वेगळा विभाग आहे. आवाजाच्या तांत्रिक बाजूकडं वळावंसं वाटलं तर एफटीआयआय या पुण्यातल्या चित्रपट संस्थेचा साउंड रेकॉर्डिंगचा तीन वर्षांचा कोर्सही पदवीनंतरचाच. एकविसाव्या वर्षी बीए संगीत झालेल्या मुलीला ही सगळी दारं उघडी आहेत. पण एकविसाव्या वर्षी मीडियाची पदवी घेऊन आलेल्या मुलीला, मधली तीन वर्षं आठवड्याला चार तास गायलेल्या मुलीला, गाण्याचं दार तेवढं उघडं नसतं. गळा तोपर्यंत भलत्याच सवयी लावून घेतो. अठरा ते एकवीस ही वर्षं गुरूसमोर बसायची. पॉडकास्टचं एडिटिंग ती जेवता जेवताही शिकेल, आणि शिकतेच आहे.

बायकोचा दुसरा प्रश्न जास्त टोचणारा होता: “गाण्याच्या बीएला नोकरी कोण देतं?” याचं उत्तर मी माझ्या धंद्यातून दिलं. आमच्याकडं मैफलीचं लाइव्ह स्ट्रीमिंग करायला पोरं येतात. कॅमेरे उत्तम, लॅपटॉप उत्तम. पण तान ऐन रंगात असताना कॅमेरा पहिल्या रांगेत डुलणाऱ्या आजोबांवर, आणि समेवर टाळ्या पडतात तेव्हा स्क्रीनवर प्रायोजकाचा बॅनर. तबलजीचा आवाज किती ठेवायचा ते त्यांना कळत नाही, कारण ठेका म्हणजे काय आणि सोलो म्हणजे काय हे माहीत नसतं. जुन्या रेकॉर्डिंगचे संग्रह लोकांच्या घरी पडून आहेत, कॅसेटवर फक्त ‘पंडितजी, १९८४, भाग २’ असं लिहिलेलं. ऐकून राग, ताल, बंदिश टिपणारं आणि त्यावर चार ओळी नीट लिहिणारं माणूस मिळत नाही. निवेदनाला बोलवावं तर निवेदिका ‘राग मारू बिहाग’चं मारवा-बिहाग करून टाकते. दोन्ही जाणणाऱ्या माणसांची वानवा आहे, आणि त्यातली संगीताची बाजू ऐनवेळी शिकता येत नाही.

मी गायिका प्रभा अत्र्यांचंही उदाहरण दिलं. पुण्यात विज्ञान आणि कायदा शिकल्या, गाणं गुरूंकडं, मग आकाशवाणीत नोकरी, पुढं एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागप्रमुख, आणि मैफली तर शेवटपर्यंत. त्यांना कुठल्या कॉलेजानं जोडकोर्स दिला नव्हता. बायको म्हणाली, “त्या प्रभा अत्रे होत्या.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

दोन पदव्या एकदम करण्याचा रस्ताही आम्ही तपासला. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली: दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असल्या तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ अथवा ऑनलाइन चालते. म्हणजे संगीताची पदवी वर्गात आणि मीडियाची मुक्त विद्यापीठातून, हे नियमात बसतं. फक्त नियम दिल्लीत असतो आणि खिडकी आपल्या गावात. शाळा-कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, तो कुठं द्यायचा, हे दोन्हीकडं लेखी विचारून घ्या. परीक्षेच्या तारखा एकाच आठवड्यात आल्या तर काय, हेही. पहिल्या वर्षी आम्ही या फंदात पडलो नाही. गाण्याचं वर्षभराचं वेळापत्रक हाताशी आल्यावर दुसऱ्या वर्षी बघू.

आता पहिलं वर्ष संपत आल्यावरचं मत, तेही बापाचं, म्हणजे ऐकीव जास्त. तालीम भरपूर आहे. गुरू समोर बसवून एकाच सुरावर अर्धा तास थांबवतात, हे ती तक्रारीच्या सुरात सांगते, मी खूश होतो. नाटक शेजारीच असल्याचा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. नाटकवाल्या मुलांच्या प्रयोगांना संगीत द्यायचं, दिग्दर्शकाला ‘इथं काहीतरी उदास हवं’ यापलीकडं नेमकं काय हवंय ते बोलून काढायचं, प्रकाशयोजनेच्या इशाऱ्यावर आलाप सुरू करायचा आणि कापायचा. हे संवादशास्त्र नाही तर काय आहे? विद्यापीठाचं स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र, विद्यावाणी, त्याच आवारात. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव शहरातच, १९५३ पासूनचा. ती तिथं श्रोता म्हणून जाते आणि रात्री मला व्हॉट्सअॅपवर माईक प्लेसमेंटबद्दल मत कळवते. न विचारता.

माझे तारे: तालमीसाठी पाचपैकी पाच. मीडियासाठी दोन, तेही आवारामुळं, कारण तो विभागाचा विषयच नाही. फीसाठी पाच, सरकारी विद्यापीठाची फी बघून मी पावती दोनदा वाचली. शहरासाठी साडेतीन, दीड तारा वाहतुकीनं खाल्ला.

कुणी हे घेऊ नये? ज्या मुलाला मुळात बोलायचं, लिहायचं, बातमी शोधायची आहे आणि गाणं जिवाला विरंगुळा म्हणून हवंय, त्यानं मीडियाच मेजर घ्यावा, गांधर्वच्या परीक्षा बाजूला चालू ठेवाव्यात. विशारदला घरोघरी ‘पदवी’ म्हणतात, पण पुढं एमए किंवा नोकरीसाठी ती कुठं चालते ते त्या त्या विद्यापीठाच्या नियमात वाचून घ्यावं. दहावीच्या वाढीव गुणांसाठी गाणं शिकलेला आणि त्यानंतर वही न उघडलेला मुलगा असेल तर त्याला संगीताच्या विभागात ढकलू नका. आमच्या गल्लीतल्या क्लासात दहावीच्या निकालानंतर निम्म्या सतरंज्या गुंडाळून ठेवतात. ओळखायची सोपी खूण: कुणी न सांगता सकाळी तंबोरा काढतो का, एवढं बघा.

चाचणीला जाणाऱ्यांसाठी थोडं. साथीला तबला तिथं मिळतो की आपला न्यायचा, हे आधी फोन करून विचारा. आपली पट्टी, म्हणजे पेटीवरची कुठली पट्टी ‘सा’ धरून गाता ते, सांगताना काळी चार की पाच यावर ऐनवेळी डगमगू नका. एकच राग, पण नीट तयार करा. आणि मिरजेहून तंबोरा नेणार असाल तर फायबरच्या पेटीतून न्या, वरच्या बर्थवर ठेवू नका. भोपळ्याला तडा गेला तर सतारमेकरांकडचा खर्च प्रवेशाच्या फीला टक्कर देतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी कॉलेज मिळाल्यावर सुरू झाली, ती राहायच्या जागेची. पहाटे रियाज म्हटलं की घरमालकांचे चेहरे बदलतात. एका काकांनी अटच घातली, “भजन चालेल, पण ते आऽऽ आऽऽ नको.” एका पीजीत वॉर्डनताईंनी गच्चीवर गायला परवानगी दिली आणि दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या सोसायटीचं पत्र आलं. शेवटी जागा मिळाली ती पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सात वाजता सुरू होते, पाच ते सात खोली तिची. भाडं आजूबाजूपेक्षा कमी, कारण गिरणीच्या आवाजानं तिथं दुसरं कुणी टिकत नाही. रेकॉर्डिंग मात्र सातच्या आत उरकावं लागतं. तिच्या पॉडकास्टच्या एका भागात शेवटची दोन मिनिटं ज्वारी दळल्याचा आवाज आहे, श्रोत्यांना तो मुद्दाम टाकलाय असं वाटलं.